कूट क्रमांक एक्केचाळीस

बालाजी घाट, वाराणसी
१२ डिसेंबर २०२४

शरू,

तुझं कार्ड आलं तेव्हा मी जिन्यात होतो. पोस्टमनने खालून हाक मारली, "मास्टर साहब, ग्वालियर से!" आणि मी कठडा धरून तिथेच पायरीवर बसलो. अकरा वर्षं! अक्षर तेच, 'र'ची शेपटी अजून वळवतेस. चष्मा वर ठेवून आलो होतो, तरी पहिली ओळ वाचता आली. "नरूदादा, अन्नपूर्णा सांगत होती की हळदीने तुझं कोलेस्टेरॉल उतरलं. कुठली हळद, किती घ्यायची ते लिही. मला पाटीभर लागेल, ठाऊक आहेच तुला."

तो 'पाटीभर' मला पोचला. तुझ्या रुचीच्या लग्नात, तिच्या हळदीला मी केलेल्या दोन ओळी तू विसरली नाहीस. असो. त्याबद्दल पुन्हा कधी. आज आनंदाचा दिवस आहे, तो तसाच राहू दे.

तर ऐक. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं. वाईट कोलेस्टेरॉल एकशे ऐंशी. वजन एकशे चार, ते तर आरशालाही माहीत आहे. त्यांनी कायमची एक गोळी लिहून दिली. मी ती पाकिटासकट टेबलाच्या खणात टाकली. घाटावर पोहून वाढलेला माणूस मी, खडूसारखी गोळी जन्मभर गिळू? (कोलेस्टेरॉल हा शब्द बघ. शेवटचा 'ल' सोडला तर एकूण एक अक्षर गुरू. शब्दच लठ्ठ! कुठल्या वृत्तात बसेल?)

त्याच सुमाराला इथे एक प्रयोग सुरू झाला. लठ्ठ माणसं, कोलेस्टेरॉल चढलेलं, गोळी न घेणारी. त्यातल्या निम्म्यांना सहा महिने हळदीच्या कॅप्सूल, निम्म्यांना तांदळाच्या पिठाच्या. डॉक्टर सुनीती म्हणून एक तरतरीत मुलगी आहे, ती म्हणाली, "किसको क्या मिला, ये हमें भी नहीं मालूम, मास्टर साहब." मी मनात हसलो. कारण माझ्या बाटलीवर स्वच्छ देवनागरीत छापलं होतं, 'कूट क्रमांक ४१'. आता कूट म्हणजे काय हे तुला-मला कुणी शिकवायचं? आई खलबत्त्यात दाणे कुटायची आणि आपण दोघं त्या ठोक्यावर शाळेची कविता म्हणायचो. कुटलेलं ते कूट. तांदूळ दळतात, हळकुंड कुटतात. हिंदी माणसांच्या राज्यात आपली मराठी अशी कामी आली! मी कुणाला बोललो नाही.

आणि नोव्हेंबरात मधला अहवाल आला. एकशे ऐंशीचे एकशे दहा. सुनीतीने कागद दोनदा वाचला. वजन मात्र तसूभर हललं नाही, ते जाऊ दे.

सोबत एक बाटली पाठवतो आहे, माझ्याच वाटणीची. तिथे सांगितलं की माकडाने नेली. शेजारच्या पंचगंगा घाटाची माकडं चष्मे नेतात, बाटली का नेणार नाहीत? त्यांनी हसून दुसरी दिली. तुझ्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला हे मला मावसबहिणीकडून, अन्नपूर्णेकडून, कळावं, याचं फार वाईट वाटलं. किती गोळ्या खातेस तू! त्यातली कोलेस्टेरॉलची तरी सोड, आणि ही घे. रोज दोन, जेवणानंतर.

आत खलबत्ता वाजतो आहे. घरात मिक्सर असताना इंदू हल्ली रोज मूठभर दाणे हातानेच कुटते, माझ्या कोशिंबिरीसाठी. सत्तरीत तिला हे प्रेम सुचलं. त्या ठोक्यावर मला रोज दोन ओळी सुचतात. आई आठवते. तू आठवतेस.

तुझा
नरूदादा

•

बालाजी घाट
३० जानेवारी २०२५

शरू,

तुझं चार पानी पत्र मी तीनदा वाचलं. शेवटी "दादा, आठवतं का" अशी जी तू सुरुवात केलीस, तिथून पुढे मी वाचत नव्हतोच, मी सरळ चौथीच्या वर्गात जाऊन बसलो होतो. तू दाराबाहेर उभी, बिगरीतली, हातात माझा विसरलेला डबा, आणि मी फळ्यापुढे कविता म्हणताना अडखळलो तर बाहेरून पुढची ओळ तू सांगितलीस. मास्तरांनी मला छडी दिली आणि तुला पेरू. फोनवर तुला ऐकू येत नाही, हे एक बरंच झालं म्हणायचं. फोन असता तर हे पत्र आलं नसतं.

संक्रांतीपासून गोळी सोडलीस हे वाचून मला किती समाधान झालं! रुचीला सांगितलं नाहीस तेही योग्यच. हल्लीची मुलं कागदावर जे छापलंय तेवढंच मानतात.

तुझं पत्र मी इंदूला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. एकदम थांबली.

"वन्संनी गोळी सोडली? कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या."

"अहो, त्यांच्या हृदयात स्टेंट आहे! आत्ताच्या आत्ता लिहा त्यांना, सोडू नका म्हणून."

"का बरं? पुरावा तुझ्यासमोर बसलाय," मी पोटावर हात ठेवून म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर वाटलं, मला काहीतरी झालंय आणि ते तिला दिसतंय. मग म्हणाली, "पुराव्याने हात धुवावेत. पान वाढते." मी खूप हसलो. ती हसली नाही. म्हातारपणी माणसं उगीच घाबरट होतात. तुला नमस्कार सांगितलाय तिने.

प्रयोग पुढच्या महिन्यात संपतो. मग कुणाला काय दिलं ते सगळ्यांना सांगणार आहेत. मला काय, माहीतच आहे. त्या दिवशी तिथे म्हणायला एक हळदीचं स्तोत्र रचतो आहे. आठ ओळी झाल्या. शेवटचं यमक अडलंय, दाराबाहेर तू हवी होतीस.

नरूदादा

•

बालाजी घाट
१८ एप्रिल २०२५

शरू,

काय लिहू? 

आज त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. साठ-सत्तर लठ्ठ माणसं एका दालनात, खुर्च्या कुरकुरत होत्या. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो, खिशात स्तोत्र. एकेकाला पाकीट दिलं. माझ्या पाकिटात लिहिलं होतं: कूट क्रमांक ४१, समूह: चावल.

मी उठून सुनीतीकडे गेलो. म्हटलं, "बेटी, गलत लिफ़ाफ़ा दे दिया."

"नहीं मास्टर साहब, इकतालीस ही तो हैं आप."

"पर बोतल पर कूट लिखा था!"

"हाँ. कूट क्रमांक. कोड नंबर." ती माझ्याकडे बघत राहिली. "आप क्या समझे?"

मी मागे वळून पाहिलं. शेजारच्या बाईंच्या पिशवीत त्यांची बाटली होती. 'कूट क्रमांक १७'. त्यांच्यापलीकडे एक पेढ्यासारखे गोल गृहस्थ, त्यांचीही कूट. सगळ्यांचीच कूट! सहा महिने मी शेजारच्याची बाटली एकदाही पाहिली नाही. शरू, मी छत्तीस वर्षं मुलांना कूटप्रश्न घातले. कूट म्हणजे कोडं, कूट म्हणजे गुपित, कूट म्हणजे खोटं, हे मीच फळ्यावर लिहून देत होतो. आणि बाटलीवर तोच शब्द दिसल्यावर मला आठवलं ते दाण्याचं कूट.

सगळ्या बाटल्या परत द्यायच्या होत्या. एक कॅप्सूल सदऱ्याच्या खिशात राहिली होती. घरी येऊन मी ती तळहातावर उघडली. आत पांढरं पीठ. बोटाने घासलं, बोट सदऱ्याच्या बाहीला पुसलं. बाहीवर डाग पडावा म्हणून वाट बघत बसलो. पडला नाही.

पण एक आहे. माझा आकडा उतरला तो उतरलाच की! सुनीतीही चक्रावली. "ये तो किसी दवा का असर लगता है. सच बताइए, कोई गोली तो नहीं ले रहे थे?" मी गंगेकडे हात करून शपथ घेतली. मग कशाने उतरला? घाटाच्या पायऱ्यांनी असेल. मनाच्या उभारीने असेल. तुझ्या पत्राने असेल! म्हणजे तुलाही या पिठाने काही अपाय झाला नसेल, उलट... तू इतक्यात काही बदलू नकोस. मी जरा विचार करून लिहितो.

•

२१ एप्रिल, दुपार

वरचा कागद मी पोस्टात टाकला नाही. तीन दिवस उशीखाली ठेवला. फाडणार होतो, पण नाही फाडत. तुझा भाऊ कसला माणूस आहे ते तुझ्याकडे लेखी असू दे.

आज सकाळी जेवायला बसलो. कोशिंबीर वाढताना इंदू म्हणाली, "तीन दिवस तोंडातून ओळ नाही. झालंय काय?" मी तिला पाकीट दाखवलं. म्हटलं, माझ्या कॅप्सूलमध्ये पीठ होतं, हळद नव्हतीच.

तिने पाकीट वाचलं, घडी घातली, आणि समोर पाटावर बसली. म्हणाली, "मला माहीत नव्हतं तुम्हाला काय देतात. पण आकडा हळदीने उतरला नाही, हे माहीत होतं."

"म्हणजे?"

"गोळी मी देत होते."

"कुठे देत होतीस?"

तिने माझ्या ताटातल्या कोशिंबिरीकडे बोट दाखवलं.

शरू, मला आधी कळेचना. मग तिने फडताळातून डबा काढला. चौकातल्या औषधवाल्याकडून दर महिन्याला, माझ्याच चिठ्ठीवर, तिने गोळ्या आणल्या होत्या. रोज एक. दाण्यांबरोबर खलबत्त्यात. मिक्सरमध्ये भांड्याला चिकटून राहील म्हणून हाताने. आठ महिने ज्या ठोक्यावर मी कविता रचत होतो, तो माझीच गोळी कुटण्याचा ठोका होता.

"मला का सांगितलं नाहीस?" मी ओरडलो. कधी ओरडत नाही मी.

"सांगून तुम्ही घेतली असतीत? खणात टाकलीत ना! मला विधवा व्हायचं नव्हतं, म्हणून केलं. चूक असेल तर असू दे." मग डबा बंद करून म्हणाली, "त्या डॉक्टरीणबाईंना सांगा, माझ्यामुळे त्यांचा हिशेब चुकला. पण वन्संची मला काळजी नव्हती. माझ्या दोन ओळी त्यांना गेल्या होत्या ना."

मी ताटातली कोशिंबीर बोटाने बाजूला सारली.

"गेल्या होत्या ना?"

तुला हे ठाऊक नाही. जानेवारीच्या माझ्या पत्राखाली इंदूने लिहिलं होतं, 'वन्सं, यांचं ऐकू नका. गोळी सोडू नका. कारण भेटीत सांगेन.' मला वाटलं, माझ्या सुंदर पत्राला हे गालबोट. मी ते अख्खं पान पुन्हा उतरवून काढलं, तिच्या ओळी गाळून. 'नमस्कार सांगितलाय' हे मी लिहिलं. तिने नमस्कार सांगितला नव्हता.

मी हो म्हणालो असतो. तोंड उघडलंही होतं. पण तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाटावरून उठली. खलबत्ता उचलला, पुन्हा खाली ठेवला. "फोन करा," म्हणाली. "आत्ता. रुचीला."

अन्नपूर्णेकडून नंबर घेतला. अकरा वर्षांत रुचीचा आवाज पार तुझ्यासारखा झालाय.

"कोण?"

"नरहरमामा. बनारसहून."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "मामा, आई दवाखान्यात आहे. परवापासून. छातीत दुखायला लागलं, घामाने न्हाली. पुन्हा स्टेंट घालावा लागला."

परवा. मी कागद उशीखाली ठेवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

"डॉक्टर विचारतायत, इतक्या लवकर कसं काय? गोळ्या चुकवल्यात का? आई म्हणते, एकही नाही. मी रोज घेते."

शरू! दवाखान्यात खाटेवर पडलेली असताना तू माझ्यासाठी खोटं बोललीस?

त्या क्षणी मी गप्प राहिलो असतो तर तुझं-माझं गुपित राहिलं असतं. तुझी पत्रं येत राहिली असती. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, तेही लिहून ठेवतो. मग मी रुचीला सांगितलं. संक्रांतीपासून गोळी बंद आहे. मी सोडायला लावली. पिवळ्या कॅप्सूलची बाटली तिच्या कपाटात असेल, तिच्यात तांदळाचं पीठ आहे. हे सगळं डॉक्टरांना सांग, आत्ताच जाऊन सांग.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती अगदी हळू बोलली. "माझ्या हळदीला तुम्ही काय म्हणाला होता, आठवतं? 'वाटीभर हळद नवरीला, पाटीभर नवरीच्या आईला.' सगळे हसले. आई न्हाणीघरात जाऊन अंगावरची हळद घासघासून धूत होती. मी दार वाजवत होते. मामा, यापुढे तिला काही पाठवू नका. गोळी नको, कविता नको, पत्र नको."

फोन बंद झाला.

म्हणून हेही पोस्टात टाकत नाही. कुणाला लिहितोय मी?

•

बालाजी घाट
९ मे २०२५

शरू,

काल इंदूच्या फोनवर रुचीचा एक निरोप आला. नमस्कार नाही, कसे आहात नाही. एकच ओळ: 'आई घरी आली. ती विचारते आहे, माकडाने बाटली नेली ती गोष्ट खरी होती की तुम्ही रचली होती. उत्तर पत्राने हवं म्हणते.'

इंदूने मला तो वाचून दाखवला आणि पदर तोंडाला लावून जिन्यात जाऊन बसली. मी तिथे गेलो तर म्हणाली, "बरी आहे. माणूस बरा असल्याशिवाय माकडाची चौकशी करत नाही."

उत्तर देतो. एप्रिलचे न टाकलेले दोन्ही कागदही सोबत ठेवले आहेत, ते वाच. पण आधी जे अकरा वर्षं राहिलं ते. त्या दोन ओळी मी आयत्या वेळी केल्या, असं सगळ्यांना सांगत आलो. खोटं आहे ते. आदल्या दिवशी ग्वाल्हेरच्या गाडीत, खिडकीशी बसून केल्या होत्या. 'वाटी'ला 'पाटी' जुळल्यावर मला इतका आनंद झाला की पाटी कुणाच्या डोक्यावर ठेवतोय ते मी पाहिलंच नाही. माझं वजन तेव्हाही तुझ्याहून जास्त होतं. यमक जुळलं की मला ते खरं वाटतं. बाटलीवरचा शब्द ओळखीचा निघाला, तोही खरा वाटला. तुला त्रास झाला दोन्ही वेळा.

सुनीतीकडे जाऊन आलो. सगळं सांगितलं, माकडासकट. तिने डोक्याला हात लावला. माझे आकडे प्रयोगातून काढून टाकले, आणि एक बाटली बाहेर गेली, तीही दुसऱ्याच्या पोटात, याचा वेगळा कागद वर पाठवावा लागेल म्हणाली. मी विचारलं, खऱ्या हळदीने कुणाला गुण आला का? "थोड़ा-बहुत, कुछ लोगों में. लेकिन जिनके दिल में स्टेंट है, उनकी गोली की जगह? मास्टर साहब, ये किसने कहा आपसे?" मी म्हटलं, कुणी नाही. मीच.

स्तोत्र फाडलं. चांगलं झालं होतं, तेही सांगतो.

इंदू माझ्याशी अजून मोजकंच बोलते. मी तिच्या दोन ओळी गाळल्या, हे तिच्या मनातून जात नाही. ती म्हणते, "मी तुमच्या पोटात गोळी लपवली, तुम्ही माझा कागद लपवलात. माझं लपवणं तुम्हाला जगवायला होतं."  या पत्राखाली तिच्यासाठी अर्धं पान कोरं सोडतो आहे. ती काय लिहील ते मी वाचणार नाही. पाकीटही तीच बंद करील.

आता खलबत्ता वाजत नाही. दाण्याचं कूट मिक्सरमधून येतं. जेवण झालं की इंदू पाण्याचा पेला आणते, मी तिच्यासमोर तोंड उघडून गोळी ठेवतो, गिळतो, आणि शाळेतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून दाखवतो. काल ती जरा हसली.

तूही रुचीसमोर घे. तिला जीभ काढून दाखव. चिडेल, पण बघेल. यात कविता काही नाही शरू, एवढंच आहे: गोळी घे.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, पंचगंगेच्या माकडाने बाटली नेली नाही.

माकड मीच होतो.

नरूदादा